पांढरी चारची कबुली

गुरुवार, दुपारी तीन
(दुकानातूनच लिहितो आहे, गिऱ्हाईक नाही)

आदरणीय मामा यांस भाच्याचा प्रभूमध्ये सलाम.

आम्ही सगळे त्याच्या कृपेनं धडधाकट आहोत (तुमच्या इथल्या सूनबाईची पाठ सोडून, ती पाठ कशी कोण जाणे कृपेच्या बाहेर राहिली आहे) आणि तुम्हीही तसेच असाल अशी आशा धरतो. गुडघ्याला नवं मलम मानवलं का? डॉक्टरांनी जिना चढू नका म्हणून सांगितल्यापासून तुम्ही दिवसातून दोनदा मुद्दाम चढता, असं दादानं कळवलं. त्याच्यावर रागावू नका, मीच खोदून विचारलं होतं. फोन न करता पत्र लिहितो आहे याचं कारण तुम्हाला ठाऊक आहे. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि ऐकू आलं तर तुम्ही ठेवून देता.

मामा, सरळ मुद्द्यावर येतो. गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी सकाळी साडेसात वाजता मी चर्चमध्ये एकटाच शिरलो, पायपेटीखाली उताणा झालो आणि तिच्या दोन्ही पॅडलांच्या चामडी पट्ट्यांना शिवणयंत्राचं तेल पाजलं. का, तर ती करकरत होती. प्रार्थना चालू असताना मी नुसता पाय हलवला तरी पेटी अशी कण्हायची की मागच्या बाकावरची माणसं माझ्याकडे सहानुभूतीनं बघायची. सत्तावीस वर्षं मी शिवणयंत्रं दुरुस्त करतो आहे आणि करकरणाऱ्या वस्तूवर माझ्या दुकानात एकच इलाज आहे. चामडं आणि लोखंड यांतला फरक मला कळतो. पण हातात तेलाची कुपी होती, सकाळची वेळ होती, मन उदार झालं होतं. पट्ट्यांनीही नको म्हटलं नाही. प्यायले.

उपासना नीट पार पडत आली. शेवटी आपलं नेहमीचं स्तुतिगीत, ज्याची तिसरी ओळ उंच जाते ते. पहिली ओळ बरी गेली. दुसऱ्या ओळीला उजवं पॅडल पायाखाली मऊ लागलं, ओल्या मातीत पाय पडावा तसं. तिसरी ओळ आली. तुम्हाला काय सांगायचं, पण हे पत्र टाकण्याआधी सूनबाई वाचणार आहे म्हणून लिहितो: एरवी आम्ही चार आवाजांत गातो, तिसऱ्या ओळीला मात्र सगळे मूळ चालीवर एकत्र येतात आणि तो वरचा स्वर मिळून घेतात. नेमक्या त्या जागी डाव्या पट्ट्याची गाठ तेलानं निसटली आणि उजव्यानं तिला साथ दिली. भात्यातली उरलीसुरली हवा एका उसाशात संपली.

आणि शांतता. मी मान वर केली. समोर वृंदाची एकोणीस तोंडं, पूर्ण उघडी. माना ताठ, भुवया वर, नर्सबाईंचे डोळे तर छताला लागलेले. आवाज मात्र एकाही तोंडातून नाही. (खिडकीबाहेरून एक सायकल घंटी वाजवत गेली आणि ती बरोबर त्याच स्वरात होती, असं आपल्या वृंदातले घड्याळजी आता शपथेवर सांगतात. मला ऐकू आली नाही.) विसावं तोंड माझं. तेही उघडंच होतं, आणि त्यातूनही काही येत नव्हतं. एका अख्ख्या ओळीचा वेळ आम्ही तसेच उभे होतो, बाजारात बर्फावर मांडलेल्या माशांसारखे. मग चौथी ओळ आली, जिथं चाल खाली उतरते, आणि तिथं सगळ्यांना एकदम कंठ फुटला. कुणी अर्ध्या मात्रेनंही चुकलं नाही. गप्प राहण्यात आम्ही किती पक्के लयदार झालो आहोत, ते मला त्या क्षणी कळलं.

पाळकसाहेबांचे डोळे मिटलेले होते. नंतर दारात हात हातात घेऊन ते म्हणाले, "आज त्या जागी मला फार खोल शांती लाभली." मी मान डोलावली. लाभली होती खरीच.

आता तुमच्या वहीकडे वळतो, म्हणजे ज्या गोष्टीकडे वळायला मला इतकी वर्षं लागली तिच्याकडे. वहीच्या पहिल्या पानावर तुमच्या अक्षरात लिहिलं आहे: "पट्टी पांढरी चार. लय: एक ओळ, एक श्वास. श्वास तिचा." (सूनबाईसाठी: पट्टी म्हणजे गाणं पेटीच्या कुठल्या चावीवरून सुरू करायचं ते. आकडा वाढेल तशी उंची वाढते आणि गळा आवळत जातो.) श्वास तिचा म्हणजे मामींचा, हे सगळ्या मंडळीला पाठ होतं. मामी पांढरी चारमध्ये तो वरचा स्वर घ्यायच्या तेव्हा त्यांच्या कपाळावर आठीसुद्धा पडत नसे. वाळत घातलेली चादर दोरीवरून काढावी इतक्या सहज तो त्यांच्या हाती यायचा. आम्ही बाकीचे त्यांच्या आवाजाच्या आडोशानं पुढं सरकायचो. त्यांना जाऊन या हिवाळ्यात नऊ वर्षं होतील. पुढच्याच वर्षी तुम्ही लेकाकडे, आमच्या दादाकडे, राहायला गेलात. निघताना वही माझ्या हातात ठेवलीत आणि एवढंच म्हणालात, "बाकी काय वाटेल ते कर, पट्टी सोडू नकोस."

मी सोडली नाही. दर पत्रात तुम्ही विचारता, पट्टी कशी आहे? दर पत्रात मी लिहितो, जशीच्या तशी. ते खोटं नव्हतं. पट्टी होती तिथंच होती. तिथं गाणारं कुणी उरलेलं नव्हतं, ते तुम्ही विचारलं नव्हतंत आणि मी लिहिलं नव्हतं. तिसऱ्या ओळीला मी पेटीची बासरीच्या आवाजाची खुंटी पूर्ण बाहेर ओढायचो आणि तो स्वर पेटीच एकटी गायची. "तुमच्या वृंदाचा तो स्वर माणसाचा वाटतच नाही," असं पाळकसाहेब पाहुण्यांना अभिमानानं सांगत. खरंच होतं ते.

लयीची कथा तर आणखी वाईट. मामींच्या एका श्वासात जी ओळ मावायची तिला आम्हाला दोन श्वास लागतात, काहींना तीन. उघड घ्यायची लाज, म्हणून प्रत्येक जण चोरून घेतो. एकानं घेतला की बाकीचे त्याच्यासाठी थांबतात, कारण आम्ही ख्रिस्ती माणसं आहोत. असं थांबत थांबत तुमच्या काळी पाच मिनिटं चाळीस सेकंदांत संपणारं गीत आता सहा मिनिटं पंचावन्न सेकंद चालतं. मोजणारे घड्याळजीच, तेव्हा शंका घ्यायला जागा नाही.

त्या रविवारनंतर सोमवारपासून माझ्या दुकानात कबुल्यांची रीघ लागली. पहिले आले सलूनवाले दादा, आपल्या खर्जातले. त्यांच्याकडे शिवणयंत्र नाही म्हणून केस कापायचं मशीन घेऊन आले, तेल घालायला. (तेलाचं नाव काढल्यावर मला कसं झालं असेल, विचार करा.) इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाले,

"मिस्त्री, काल मी गप्प होतो ते खोकल्यामुळे बरं का."

"अरेरे. कधीपासून आहे खोकला?"

"झाली की सात वर्षं."

दुपारी नर्सबाई. त्या मशीन न घेताच आल्या, सरळ स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "मामी गेल्या त्याच्या पुढच्या रविवारी मी तो स्वर घेऊन पाहिला होता. मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा आवाज निघाला माझा. मनात म्हटलं, बाई गं, ही जागा तुझी नाही. तेव्हापासून नुसतं तोंड उघडते. पण मिस्त्री, कुणाला बोलू नका. बाकीचे इतका जीव तोडून गातात, त्यांना वाईट वाटेल."

घड्याळजींनी तर कबुलीही दिली नाही. डोळ्याला भिंग लावलेलंच ठेवून म्हणाले, "मला पाच वर्षांपूर्वीच कळलं होतं. कानात सर्दी होती, ती उतरली आणि ऐकलं तर कुणीच गात नाही. मग मीही सोडलं. एकट्यानं गायलं असतं तर शहाणपणा केल्यासारखं दिसलं असतं."

असे अकरा जण आले. प्रत्येकाला वाटत होतं की मामींची जागा बाकीचे अठरा जण राखताहेत आणि आपण एकटेच चोर आहोत. मी प्रत्येकाला चहा पाजला, खांद्यावर हात ठेवला आणि माझं स्वतःचं काही सांगितलं नाही. याची लाज मला चामड्याला तेल घातल्याच्या लाजेपेक्षा जास्त वाटते. शेवटी घरी सांगितलं. सूनबाई भाजी निवडत होती, तिनं वर पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "तोंड उघडं आणि आवाज नाही, हे मी लग्नापासून बघत्येय. चर्चमध्ये वेगळं असेल असं कशाला वाटेल मला?"

इथपर्यंत हसण्यावारी नेता आलं असतं. पण बुधवारच्या सरावाला एकोणिसांतले पाचच आले. पुढच्या बुधवारी चार, आणि त्यातले एक घंटावाले काका, जे किल्ल्या परत न्यायला आले होते. एकमेकांकडे बघायचीच चोरी झाली होती. रविवारी वृंदाच्या बाकांवर इतकी मोकळी जागा की लोकांनी तिथं छत्र्या ठेवल्या. तेवढ्यात मंडळीच्या पंचांतले ठेकेदार एक खोका घेऊन आले. बटण दाबलं की त्यातून चारही आवाज येतात, शिवाय ढोल. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण पंचांनी ठराव केला: या येत्या रविवारी वृंदानं उभं राहून गीत पूर्ण गायलं तर ठीक, नाहीतर पुढच्या रविवारपासून खोका. पाळकसाहेबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "त्यात तो वरचा स्वर आहे ना?" आहे म्हणालो. खोक्यातली बाई तो घेते, आणि श्वासही चोरत नाही. मामा, त्या दिवशी पायपेटीवर कापड मी दोनदा टाकलं आणि दोनदा काढलं. तुम्ही मला दिलेली एकच गोष्ट, आणि तीच माझ्या हातून जाणार होती.

मी प्रार्थना केली. आठ दिवस एकच मागणं, प्रभू, यांना आवाज दे. नवव्या दिवशी एक शिंपीणबाई मशीन घेऊन आल्या आणि म्हणाल्या, सुई सारखी तुटते, चांगल्यातली सुई द्या. मी सुईला हात लावत नाही, हे तुम्ही पाहिलं आहे. आधी सुईचा दांडा किती उंचीवर बसवला आहे ते बघतो. चार वेळा सुया बदलल्या असतील बाईंनी, दांडा होता तिथंच. स्क्रू पिळता पिळता माझा हात थांबला. म्हटलं, आठ दिवस आपण देवाकडे काय मागतोय? सुयाच की.

मग मी मोजमाप घ्यायला निघालो. (याला गायन म्हणू नका, मोजमापच होतं.) सलूनमध्ये मानेवर वस्तरा असताना दादांना खालून वर गायला लावलं. त्यात धोका माझ्या मानेला होता, पण स्वर खरा लागला. नर्सबाई दवाखान्याच्या मागच्या खोलीत गायल्या, रक्तदाबाचं यंत्र दंडाला गुंडाळून, म्हणजे कुणी आलंच तर तपासणी दिसावी. घड्याळजींनी सगळ्यांचे श्वास सेकंदावर मोजले. सर्वांत लांब श्वास अकरा सेकंद, सर्वांत आखूड सात, आणि तो माझा. पेटीला नवे पट्टे बसवले (कोरडे) आणि जमले तेवढ्यांना घेऊन पांढरी एक लावून पाहिली. वरचे आवाज खूष झाले, तो स्वर हसत घेतला. तेव्हा पाहतो तर खर्जातले तिघे तोंड उघडून गप्प! दादा म्हणाले, "मिस्त्री, एवढ्या खाली माझे बूटच आहेत." मग पांढरी दोन. वरच्यांना थोडं ताणावं लागतं, खालच्यांना थोडं वाकावं लागतं, आणि कुणालाही नाटक करावं लागत नाही. लय सात सेकंदांना एक ओळ.

तर मामा, या पत्राचं कारण हे. पांढरी चार सोडून पांढरी दोनवर येण्याची मला परवानगी द्यावी. तुम्ही नाही म्हणालात तर विषय संपला, मी पुन्हा काढणार नाही. पत्र पोचायला चार दिवस, उत्तर यायला चार, म्हणजे येता रविवार मध्येच जातो हे मला कळतं. त्यावर मी उपाय काढला आहे. रविवारी मी आजारी पडणार आहे. पेटीवाला आजारी असला तर पंच एक आठवडा थांबतात, पूर्वीचा दाखला आहे. तुमचं उत्तर येईपर्यंत मी पेटीला हात लावणार नाही. एवढं लिहून झालं आणि आठ वर्षांनी आज मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटतं आहे. (सात सेकंदांचाच आहे, पण पूर्ण.)

कमी-जास्त लिहिलं असेल तर पोटात घाला. गुडघ्याला जपा. दादाला आणि वहिनींना आमची आठवण सांगा.

तुमचा भाचा

ता. क. (गुरुवार, संध्याकाळ)
सूनबाईनं पत्र वाचलं आणि म्हणाली, "सगळं लिहिलंत आणि मागायचं तेच राहिलं." तेव्हा लिहितो. मामी गेल्यापासून तुम्ही गायला नाहीत. इथं होतात ते शेवटचं वर्षभर, दुसऱ्या रांगेत ओठ मिटून उभे राहायचात, आणि मी पेटीमागून बघायचो. मोजमाप घेताना मी घंटावाल्या काकांनाही गाऊन पाहायला सांगितलं. ते तुमच्याहून दोन वर्षांनी मोठे आहेत, आणि पांढरी दोनमध्ये तो स्वर त्यांना लागला. किंचित डगमगत, पण लागला. म्हणजे तुम्हालाही लागेल. आमच्याकडे महिनाभर राहायला या. खालची खोली रिकामी केली आहे, जिना नाही. (तुम्हाला चढायचाच असेल तर शेजाऱ्यांकडे आहे.) चांगल्या मध्यम आवाजाची आम्हाला फार टंचाई आहे.

ता. क. दुसरं (रविवार, दुपारी एक)
पत्र खिशातच राहिलं. चार वेळा टपालपेटीपर्यंत जाऊन आलो. आज सकाळी ठरल्याप्रमाणे आजारी पडलो. सूनबाईनं कपाळाला हात लावला, म्हणाली, "भलताच गार ताप आहे," आणि पांघरूण ओढून नेलं.

वृंदातले एकोणीसही जण आले होते, निम्मे गायला आणि निम्मे खोका बघायला. तो टेबलावर कापड घालून मांडला होता, वर फूलसुद्धा. मी पेटीवर बसलो, कापड काढलं आणि वळून सांगितलं की त्या तिसऱ्या ओळीला मीही आठ वर्षं गप्प होतो. दादांना एकदम खोकला आला, खरा. मग सांगितलं की आज गीत पांढरी दोनमध्ये आहे. नर्सबाई हळूच म्हणाल्या, "आणि मामी?" घड्याळजी म्हणाले, "मामी असत्या तर तोंडं उघडून गप्प बसणाऱ्यांना त्यांनी बाकावरून उठवलं असतं. सुरू करा, मिस्त्री, दहा बावन्न झाले."

सुरू केलं. तिसऱ्या ओळीला जे आलं त्याला सुंदर म्हणता येणार नाही. एकोणीस माणसांचे त्या जागी वर्षानुवर्षं न वापरलेले आवाज होते ते, काही गंजलेले, काही बाजूला सरकलेले, पण सगळे होते. स्वतःचा आवाज कानावर पडताच दादा दचकून मागच्या बाकावर बसले आणि बसूनच गायले. पाळकसाहेबांनी डोळे उघडले. नर्सबाई गाताना हसत होत्या आणि त्यामुळे थोड्या चढल्या. मीही गायलो, मामा. पूर्ण गीत चार मिनिटं बावीस सेकंद. बाहेर आल्यावर पाळकसाहेब म्हणाले की आजचं गाणं फार जवळचं वाटलं, पण तो पूर्वीचा स्वर्गीय स्वर मात्र कुठं गेला? मी सांगितलं, साहेब, तो सुट्टीवर आहे. ठेकेदार खोका काखेत मारून घरी घेऊन गेले. जाताना म्हणाले, ढोल तरी घ्यायचा होता.

तेव्हा वर मागितलेली परवानगी आता देऊ नका, द्यायला उशीर झाला आहे. कुठल्या दिवशी येता तेवढं कळवा. रागावायचं असेल तर इथं येऊन रागवा, मी घरीच आहे. पट्टी मी उतरवली.